‘कॅन’ की ‘कॅन्ट’? सातासमुद्रापारचा फोन आणि वऱ्हाडी कान

खास प्रतिनिधी, यवतमाळ

अमेरिकेतील एखादा ग्राहक दूरध्वनीवर ‘आय कॅन्ट पे टुडे’ असे म्हणतो, तेव्हा ‘कॅन्ट’मधला शेवटचा ‘ट’ बहुधा बाहेरच पडत नाही. पुढच्या ‘पे’ला भिडताना तो घशातल्या घशात विरतो आणि ऐकणाऱ्याच्या कानी ‘आय कॅन पे टुडे’ एवढेच येते. ‘आज पैसे भरू शकत नाही’ या वाक्याचा अर्थ ‘आज पैसे भरतो’ असा होऊन बसतो. बरे, हाच ग्राहक खरोखर पैसे भरणार असेल तर तो स्पष्टपणे ‘कॅन’ म्हणत नाही. ‘आय क्न पे’ असे काहीसे पुटपुटतो. म्हणजे ‘कॅन’ ठळक ऐकू आले तर तो नकार असतो आणि गिळलेले ऐकू आले तर होकार. यवतमाळ जिल्ह्यातील मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या तरुणाला हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितलेले नसते. त्याने ‘कान्ट’ हा ब्रिटिश धाटणीचा उच्चार घोकलेला असतो. नोंद चुकते, ग्राहकाच्या खात्यावर दंड पडतो आणि तक्रार येते ती ‘तुमच्या माणसाला इंग्रजी येत नाही’ अशी. वास्तविक त्याला इंग्रजी येत असते. त्याला ऐकू येत नसते.

कॉल सेंटरच्या नोकरीविषयी गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ लिहिले-बोलले गेले. रात्रपाळी, खोटी नावे, अमेरिकी धाटणीने जीभ वळवण्याचे वर्ग या गोष्टी कादंबऱ्यांत आणि चित्रपटांतही आल्या. या साऱ्या चर्चेत जिभेकडे जेवढे लक्ष गेले, त्याच्या निम्मेही कानाकडे गेले नाही. ग्राहकसेवेचा फोन हे दोन टोकांचे काम आहे. अनोळखी उच्चार समजून घेण्याचे ओझे दोन्ही टोकांना असते; पण चुकीचे खापर मात्र नेहमी एकाच टोकाच्या माथी फुटते.

फोन इकडे कसा वळला?

परदेशी कंपन्यांनी कार्यालयीन कामे भारतात पाठवण्यास नव्वदच्या दशकात सुरुवात केली. ब्रिटिश एअरवेजने १९९६ मध्ये मुंबईत आपले केंद्र उघडले. पुढे तेच डब्ल्यूएनएस या नावाने स्वतंत्र कंपनी झाले. जनरल इलेक्ट्रिकने १९९७ मध्ये गुडगावला केंद्र काढले. आंतरराष्ट्रीय दूरध्वनीवरील विदेश संचार निगमची मक्तेदारी १ एप्रिल २००२ रोजी संपली आणि समुद्राखालच्या तारांमधून येणारे बोलणे स्वस्त झाले. घड्याळाचा फरकही सोयीचा ठरला. न्यूयॉर्कला दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. तिकडे कामाचा दिवस भरात असताना इकडची शहरे झोपेला लागतात. हे झोपेचे तास विकत घेतले गेले. मुंबईत मालाड, नवी मुंबईत ऐरोली आणि पुण्यात कल्याणीनगर, विमाननगर, हिंजवडी, मगरपट्टा या भागांत रात्रभर दिवे जळू लागले, पांढऱ्या कॅब फिरू लागल्या.

विदर्भातील पदवीधरांसाठी ही नोकरी अचानक आवाक्यात आली, हे यातील खरे महत्त्वाचे. अभियांत्रिकीची पदवी नको, ओळख नको, वशिला नको. बारावी किंवा पदवी आणि बोलता येईल इतके इंग्रजी एवढीच अट होती. यवतमाळ, पुसद, वणीच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणे गाठू लागली, मित्राच्या खोलीवर उतरून मुलाखतींचा फेरा सुरू करू लागली. कापसाच्या भावावर घर चालणाऱ्या जिल्ह्यात महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारा पगार ही लहान गोष्ट नव्हे. आणि मुलाखतीतच नापास करणारे कारण बहुतेक वेळा तीन अक्षरी असते : एमटीआय. म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. भरतीच्या बोलीत हा शब्द एखाद्या आजाराच्या नावासारखा वापरला जातो. ‘याला एमटीआय जास्त आहे,’ असे सांगितले जाते. जणू औषध घेतल्यावर तो उतरेल.

दोनदा परका होणारा आवाज

यवतमाळ जिल्ह्याला अनेक भाषा ऐकण्याची सवय आहे. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, पांढरकवडा भागातील कोलाम पोडांवर घरात कोलामी बोलली जाते, गोंड वस्त्यांवर गोंडी. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागावकडच्या तांड्यांवर गोरमाटी चालते. गावागावांतील मुस्लिम घरांत उर्दूमिश्रित हिंदी असते आणि दक्षिणेकडच्या सीमेवर तेलुगू कानी पडते. या सर्वांवर पांघरूण असते ते वऱ्हाडीचे. त्यामुळे पोडावरच्या मुलाला पहिलीत मराठी हीच परक्या उच्चारांची भाषा असते. इंग्रजी त्यानंतर येते. मराठी माध्यमात पूर्वी ती पाचवीपासून शिकवली जाई. राज्य सरकारने २००० साली ती पहिलीपासून सुरू केली. कॉल सेंटरच्या ऐन भरभराटीच्या काळात नोकरीला लागलेली पिढी ही पाचवीपासून इंग्रजी शिकलेली, तेही बहुतांशी फळ्यावरून आणि पुस्तकातून. इंग्रजी वाचणे, लिहिणे, भाषांतर करणे तिला जमत होते. जिची मातृभाषा इंग्रजी आहे अशा माणसाचा आवाज मात्र तिने बारावीपर्यंत क्वचितच ऐकलेला होता.

पुण्यात पोहोचल्यावर या मुलांचा उच्चार पहिल्यांदा परका ठरतो तो मराठीतच. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ या शब्दांवर खोलीतले मित्र हसतात. ळ-चा य होऊन ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘केळी’ची ‘केयी’ होते, तेव्हा दुकानदार ‘काय?’ म्हणून पुन्हा विचारतो. गंमत अशी, की आठ-पंधरा दिवसांत तोच दुकानदार ‘केयी’ म्हटल्याबरोबर केळी काढून देऊ लागतो. या काळात मुलाची बोली फारशी बदललेली नसते. दुकानदाराचा कान बदललेला असतो. परक्या उच्चाराबद्दल शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत जे आढळले, ते नेमके हेच आहे. त्याकडे पुढे येऊ.

तारेत काय हरवते?

समोरासमोर बोलताना ओठ दिसतात, चेहरा दिसतो, हातवारे दिसतात. फोनवर यातले काहीच नसते. शिवाय जुन्या पद्धतीच्या दूरध्वनी यंत्रणेत साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पुढे जातो. माणसाचा आवाज ओळखायला तेवढे पुरते. पण ‘स’ आणि ‘फ’ या घर्षणाच्या ध्वनींची बरीचशी ताकद या पट्ट्याच्या वर असते. म्हणून फोनवर ‘एस’ आणि ‘एफ’ ही अक्षरे जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्यांनाही एकमेकांसारखी वाटतात. वैमानिक आणि सैनिक ‘फॉक्सट्रॉट’, ‘सिएरा’ असे शब्द वापरून अक्षरे सांगतात ते यासाठीच. त्यात भर पडते ती विलंबाची. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. तो वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात, दोघेही एकदम थांबतात आणि दोघांनाही समोरचा उद्धट वाटतो.

अशा अरुंद वाटेवरून मराठी धाटणीचे इंग्रजी जाते, तेव्हा काय होते ते पाहण्यासारखे आहे. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतील आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरील अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांचे इंग्रजी ब्रिटिश श्रोत्यांना न समजण्याच्या कारणांत शब्दावरचा जोर चुकीच्या ठिकाणी पडणे हे एक प्रमुख कारण त्यात आढळले होते. मराठीत शब्दातील अक्षरांना जवळपास सारखे वजन असते. इंग्रजीत एक अक्षर ठासून म्हटले जाते आणि बाकीची गिळली जातात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटॉग्रफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो. इंग्रजी कान या जोरावरून शब्द ओळखतो. जोर चुकला तर प्रत्येक ध्वनी बरोबर असूनही त्याला शब्द सापडत नाही.

आकड्यांच्या बाबतीत तर हा जोर पैशांत मोजावा लागतो. ‘फिफ्टीन’मध्ये तो शेवटच्या अक्षरावर असतो, ‘फिफ्टी’मध्ये पहिल्यावर. आपल्याकडे दोन्ही सपाट म्हटले जातात आणि भेद उरतो तो केवळ शेवटच्या ‘न’चा. तारेत तो ‘न’ हरवला की पंधरा डॉलरचे पन्नास होतात.

दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. मराठी वर्णमालेत प आणि फ, क आणि ख, ट आणि ठ असे अल्पप्राण-महाप्राण भेद काटेकोर आहेत. इंग्रजीच्या लिपीत ते नाहीत. पण उच्चारात आहेत. इंग्रजी माणूस शब्दाच्या आरंभीचा ‘पी’ म्हणताना हवेचा झोत सोडतो आणि त्या झोतावरूनच तो ‘पी’ आणि ‘बी’ वेगळे ओळखतो. आपण मात्र ‘पॅक’मधला प लिहिल्याप्रमाणे कोरडा म्हणतो, तो त्याला ‘बॅक’ असा ऐकू येऊ शकतो. ज्या भाषेकडे महाप्राणांची सगळी संपत्ती आहे तिच्या बोलणाऱ्यांनी ती नेमकी येथे वापरू नये, हा विनोदच म्हणायचा. ‘व’चे दुखणे सर्वांना ठाऊक आहे : इंग्रजीत दात टेकवून आणि ओठ गोल करून म्हणायचे दोन वेगळे ध्वनी मराठीत एकाच ‘व’मध्ये मावतात, त्यामुळे पश्चिम दिशा आणि बनियन यांचे इंग्रजी शब्द आपल्या तोंडी सारखेच होतात. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. शुद्धलेखनात वेलांटीसाठी मार खाल्लेल्या पिढीच्या बोलण्यात ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक जेमतेम उरतो.

सगळेच वजा बाजूला आहे असे मात्र नाही. ‘कार्ड’, ‘नंबर’, ‘ऑर्डर’ या शब्दांतला र मराठी माणूस स्पष्ट म्हणतो, अमेरिकी माणूसही म्हणतो. लंडनचा म्हणत नाही. ‘जग’मधला ज मराठीला ठाऊक असल्याने ‘झेड’च्या ध्वनीपर्यंत जीभ सहज पोहोचते. अर्थात अमेरिकेत त्या अक्षराचे नाव ‘झेड’ नसून ‘झी’ आहे, आणि फोनवर ‘झी’ व ‘सी’ यांचा गोंधळ ठरलेलाच.

काही घोटाळे उच्चाराचे नसून वापराचे असतात. भारतीय माणूस ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो तेव्हा त्याला फक्त प्रश्न विचारायचा असतो. अमेरिकी ग्राहकाला वाटते, हा आपल्यावर अविश्वास दाखवतो आहे. आपला ‘डबल थ्री’ तिकडे ‘थ्री थ्री’ असतो. पाच एप्रिल ही तारीख आपण ५/४ अशी लिहितो, अमेरिकेत तोच आकडा चार मे होतो. या गोष्टी एका दुपारी शिकवून होतात. जोर, झोत आणि कान यांना आठवडे लागतात.

कोणते इंग्रजी ऐकायचे?

प्रशिक्षणात बहुधा एक ‘अमेरिकी’ उच्चार समोर ठेवला जातो. वस्तुतः फोन करणारा अमेरिकी कोण असेल याची शाश्वती नसते. तो ‘वॉटर’ला ‘वॉडर’ आणि ‘ट्वेंटी’ला ‘ट्वेनी’ म्हणेल. दक्षिणेकडच्या राज्यांतला असेल तर ‘पिन’ आणि ‘पेन’ सारखेच म्हणेल. टेक्सासमध्ये त्याची मातृभाषा स्पॅनिश असेल, कॅलिफोर्नियात व्हिएतनामी. ब्रिटनचे फोन घेणाऱ्याला लंडन, न्यूकॅसल आणि ग्लासगो ही तीन गावे तीन भाषा बोलत असल्यासारखी वाटतात. ऑस्ट्रेलियन ग्राहकाचा ‘टुडे’ कानाला ‘टुडाय’ लागतो. शुद्ध, एकसाची परदेशी इंग्रजी प्रशिक्षणाच्या खोलीबाहेर कोठेच राहत नाही.

कान किती लवकर सरावतो, यावर संशोधन झालेले आहे. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी श्रोत्यांना परक्या धाटणीचे इंग्रजी ऐकवले. सुरुवातीला त्यांची समज मंदावली. पण मिनिटाभरात, काही मोजकी वाक्ये ऐकताच, ती झपाट्याने सुधारली. ॲन ब्रॅडलो आणि टेसा बेंट यांनी २००८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. चिनी धाटणीचे इंग्रजी बोलणारे अनेक आवाज ऐकलेल्या श्रोत्यांना त्याच धाटणीचा नवा, कधी न ऐकलेला आवाजही अधिक चांगला समजला. एकच आवाज ऐकणाऱ्यांना असा लाभ मुख्यतः त्याच आवाजापुरता झाला. कॅनडातील मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्येच दाखवले होते, की उच्चार ‘परका’ वाटणे आणि बोलणे न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अतिशय ठळक परकी धाटणी असलेले बोलणेही पूर्ण समजू शकते.

या तिन्ही निष्कर्षांचा यवतमाळच्या उमेदवाराशी थेट संबंध आहे. अमेरिकी नक्कल करण्यात घालवलेले महिने बरेचसे वाया जातात. कारण धाटणी पुसली म्हणजे बोलणे समजलेच असे नाही. शब्दावरचा जोर, बोलण्याची गती आणि चार-दोन ध्वनी जागेवर आणले, की वऱ्हाडी वळण राहिले तरी काम भागते. कान तयार करायचा तर एकाच प्रशिक्षकाचा गोड आवाज उपयोगाचा नाही. वीस वेगवेगळी, चिडलेली, घाईत असलेली, वृद्ध, सर्दी झालेली माणसे ऐकली पाहिजेत. हे ऐकण्याचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. परदेशांतील लहान शहरांच्या रेडिओ केंद्रांचे श्रोत्यांसोबतचे कार्यक्रम मोबाइलवर फुकट मिळतात. बातम्या देणाऱ्या निवेदकाच्या घोटीव इंग्रजीपेक्षा त्यात फोन करणाऱ्या सामान्य माणसाचे इंग्रजी अधिक कामाचे.

आणखी एक कसब आहे, जे वर्गात शिकवले जाते पण फ्लोअरवर विसरले जाते. न समजल्यास ‘पार्डन?’ म्हणत राहिले, की ग्राहक तेच वाक्य अधिक मोठ्याने आणि अधिक रागाने म्हणतो. त्याऐवजी जेवढे समजले तेवढे परत सांगून उरलेल्याबद्दल विचारले तर तो नेमका तोच तुकडा दुरुस्त करतो. ‘कॅन’-‘कॅन्ट’च्या पेचावर दुसरा इलाज नाही : ‘म्हणजे आज भरणे जमणार नाही, बरोबर?’ असे विचारावेच लागते. पण प्रत्येक फोन किती मिनिटांत संपला याचा हिशेब वरच्या पडद्यावर चालू असतो. सरासरी वेळ वाढला की टीम लीडर मागे येऊन उभा राहतो. विचारून खात्री करणाऱ्याचा वेळ जास्त भरतो, समजल्याचे सोंग करणाऱ्याचा कमी. सोंगाची किंमत दुसऱ्या दिवशी कोणी तरी दुसरा मोजतो.

ऐकायचेच नसेल तर

श्रोत्याचा कान सरावतो, हे खरे. पण त्याची इच्छा असेल तर. अमेरिकेतील डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये केलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकाच अमेरिकी स्त्रीच्या आवाजातील ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले गेले. एका गटापुढे गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र होते, दुसऱ्यापुढे आशियाई स्त्रीचे. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना व्याख्यान कमी समजले आणि काहींना तर त्यात परका उच्चारही ऐकू आला. आवाज तोच होता. कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांना ‘सॅम’, ‘नॅन्सी’ अशी नावे घ्यायला लावण्यामागे हीच भीती होती. नाव ऐकताच ग्राहकाचे ऐकणे बंद होऊ नये. नावाने ते साधले नाही. पहिल्या वाक्यातच ग्राहक ‘तुम्ही कोठून बोलता?’ असे विचारू लागले.

या प्रश्नाला राजकीय धारही आली. न्यू जर्सी राज्यात सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्या गरीब नागरिकांचे फोन मुंबईत घेतले जात असल्याचे २००२ मध्ये उघड झाले आणि तेथील सिनेटर शर्ली टर्नर यांनी असे काम परदेशी पाठवण्यास मनाई करणारे विधेयक आणले. ते केंद्र पुढे त्याच राज्यातील कॅमडेनला परत गेले. बेकारांच्या मदतीचा फोन हजारो किलोमीटरवरच्या माणसाने घ्यावा, हे तिकडच्या माणसाला लागले तर त्यात वावगे काही नाही. डेलने नोव्हेंबर २००३ मध्ये आपल्या कंपनी-ग्राहकांचे तांत्रिक साहाय्याचे काही फोन बंगळुरूहून अमेरिकेत परत नेले. सँटँडर बँकेने २०११ मध्ये ब्रिटिश ग्राहकांचे फोन पुणे व बंगळुरूहून मायदेशी हलवले. याच सुमारास फिलिपाइन्सने फोनवरील ग्राहकसेवेत भारताला मागे टाकले. तो देश १८९८ पासून जवळपास अर्धशतक अमेरिकेच्या अमलाखाली होता आणि तेथील शाळांत अमेरिकी इंग्रजी रुजले होते. वसाहतीचा इतिहास असा नोकऱ्यांच्या बाजारात फळाला येतो.

भारतीय उच्चाराला सर्वांत मोठा धक्का मात्र आपल्याच माणसांनी दिला. ठाणे पोलिसांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोड येथील बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथून नागरिकांना धमकावले जात होते. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अशा टोळ्यांशी संबंधित ६१ व्यक्ती व संस्थांवर आरोप ठेवले. तेव्हापासून फोनवर भारतीय धाटणी ऐकू आली, की अनेक अमेरिकी ग्राहकांच्या मनात पहिली शंका फसवणुकीची येते. त्याची झळ प्रामाणिकपणे विमान तिकिटाची तारीख बदलून देणाऱ्या मुलीला लागते.

आता यंत्र बोलते

गेल्या काही वर्षांत या साऱ्या प्रश्नाला वेगळेच वळण लागले आहे. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये स्थापन झालेल्या सनास या कंपनीने बोलणाऱ्याचा उच्चार बोलता बोलताच बदलणारी संगणक प्रणाली तयार केली. जगातील सर्वांत मोठ्या कॉल सेंटर कंपन्यांपैकी एक असलेली फ्रान्सची टेलिपरफॉर्मन्स आपल्या भारतीय कर्मचाऱ्यांसाठी ती वापरत असल्याचे २०२५ च्या आरंभी जाहीर झाले. कर्मचारी त्याच्या धाटणीत बोलतो, ग्राहकाला ते अमेरिकी वळणाने ऐकू येते. यातून शिवीगाळ कमी होईल, जिभेचे वर्ग संपतील, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू विचारते, की माणसाचा आवाज पुसून त्याला नोकरी देणे हा सन्मान कसा? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. यंत्राने प्रामुख्याने जिभेचा प्रश्न घेतला, हे मात्र दोघांच्याही बोलण्यात येत नाही. समोरचा नेमके काय म्हणाला आणि त्याला काय हवे आहे, हे कर्मचाऱ्यालाच ओळखावे लागते.

किंबहुना ते अधिक कठीण होत चालले आहे. खात्यावरची शिल्लक, गाडीची वेळ, पासवर्ड बदलणे अशी सोपी कामे आता संगणकच उरकतो. माणसापर्यंत पोहोचतो तो यंत्राशी झगडून वैतागलेला, गुंतागुंतीची तक्रार असलेला ग्राहक. तिकडे अमेरिकी सिनेटमध्ये जुलै २०२५ मध्ये आणखी एक विधेयक मांडले गेले. रूबेन गॅलेगो आणि जिम जस्टिस या दोन भिन्न पक्षांच्या सिनेटरांच्या त्या विधेयकात फोन घेणाऱ्याने आपण कोठे आहोत हे सांगावे आणि ग्राहकाने मागितल्यास फोन अमेरिकेतील कर्मचाऱ्याकडे वळवावा, अशी तरतूद आहे. उच्चार यंत्राने बदलला तरी गावाचे नाव सांगावेच लागेल, असा त्याचा अर्थ.

उलट दिशेचा फोन

परक्या उच्चाराचा हा पेच समजण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. केंद्र सरकारने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू केले. १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सल्ला मिळावा, ही त्यामागची कल्पना. येथे यवतमाळचा माणूस ग्राहकाच्या टोकाला असतो. राळेगाव किंवा घाटंजीचा कापूस उत्पादक ‘बोंडअयी’बद्दल विचारतो, ‘कपाशीले काय मारू’ म्हणतो आणि पलीकडे कृषी पदवीधर त्याला प्रमाण मराठीत रसायनाचे इंग्रजी नाव सांगतो. भाषा एकच असते. उच्चार, शब्द आणि वेग मात्र दोन वेगळ्या जगांतले. शेतकरी ‘हो, हो’ म्हणतो. कॉल सेंटरमधला मुलगा अमेरिकी ग्राहकाला न समजता ‘येस सर’ म्हणतो, तसाच.

कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात अनेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्यामागे औषधांची मिश्रणे, फवारणीचे पंप, संरक्षक साधनांचा अभाव अशी कितीतरी कारणे होती. त्याचे खापर फोनवर फोडता येणार नाही. परंतु पंधरा लिटरच्या पंपात किती मिलिलिटर औषध घालायचे हा आकडा चुकीचा ऐकू येणे किती महाग पडू शकते, हे त्या वर्षी जिल्ह्याने पाहिले आहे. सल्ला सांगून झाल्यावर औषधाचे नाव, प्रमाण आणि पंपाची क्षमता शेतकऱ्याकडून त्याच्याच बोलीत पुन्हा म्हणून घ्यायला अर्धा मिनिट लागतो. ‘समजलं का?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून बहुधा ‘हो’ असेच येते. ‘किती टाकणार, ते सांगा’ असे विचारले तर आकडा ऐकायला मिळतो.